सावरीची उशी

माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या पाठीमागे पाच उशा होत्या. त्यातली सगळ्यांत हलकी मी निवडलेली. नुसती निवडली नव्हती, तर दोन महिने वजनं करून, दुकानदारांशी हुज्जत घालून निवडली होती आणि तिचा मला फार अभिमान होता. तो अभिमान आठवला की आजही तोंड कडू होतं, पण सांगतो.

नव्वदच्या दशकात मी नवी मुंबईत पावणे एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो आणि सुट्टी मिळाली की डोंगरात असायचो. तेव्हा ट्रेकच्या सामानाची दुकानं आमच्या भागात नव्हती. सॅक ओळखीच्या शिंप्याकडून शिवून घ्यायची, बाकी सगळा जुगाड. आमच्या ग्रुपमध्ये शेवटचा शब्द माझा, कारण माझ्या हाताशी कारखान्यातला वजनकाटा होता. जेवणाच्या सुट्टीत मी टॉर्च, ताटली, पावसाळी जाकीट, काय वाटेल ते त्याच्यावर ठेवायचो. दहा किलोच्या वर सॅक गेली की मी माणसाला भर स्टँडवर सगळं उपसायला लावायचो. एकाला टूथब्रशची दांडी कापायला लावली होती. अतिशहाणा होतो, दुसरं काय.

वडिलांना, म्हणजे आबांना, याचं भारी हसू यायचं. आबा माथाडी कामगार. साताऱ्याकडून मुंबईला आले आणि जन्मभर धान्याची पोती वाहिली. मार्केट वाशीला हललं तसे आम्हीही कोपरखैरण्याला राहायला आलो. जो माणूस क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचा, त्याचा मुलगा घरात बसून टूथब्रश कापत होता. "धा किलो?" ते आईला म्हणायचे, "येवढं तर माझं नुस्तं डोस्कं भरंल." उशी तर आबांना ठाऊकच नव्हती. जमिनीवर सतरंजी, सतरंजीवर ते, आणि डोक्याखाली स्वतःचा हात. आईनं कधी उशी पुढं केलीच, तर म्हणायचे, "मान मऊ पडली की हमाल संपला."

त्यांचं काम सुटलं त्या वर्षीची गोष्ट. रविवारी सकाळी मी सॅकचे पट्टे दुरुस्त करत बसलो होतो. आबा चहाचा कप घेऊन समोर आले आणि एक पट्टा ओढून बघितला. मग म्हणाले, "आपल्या डोंगरावर न्हेशील का मला?"

आपला डोंगर म्हणजे गावामागचा. लहानपणी ते तिथं गुरं चारायला जायचे. वर एक पडका बुरूज आहे, एक देऊळ आहे, पाण्याचं टाकं आहे. मी म्हटलं, तुम्ही तर तो शंभरदा पाहिला असेल. तर म्हणाले, "सांजच्याला गुरं खाली आनावी लागायची. वर वस्ती कधी झालीच न्हाई. वरनं दिस उगवताना कसा दिसतो, ते काय ठावं न्हाई बघ."

आबांनी माझ्याकडे काही मागावं हे मला नवीन होतं. मी इतका फुशारलो की लगेच कागद घेऊन सामानाची यादी करायला बसलो. तेव्हा ते म्हणाले, "माझ्यासाठी फकस्त येक उशी घे."

"उशी?" मी हसलो. "आबा, हमाल संपला म्हणायचा!"

तेही हसले. म्हणाले, "वय झालं लेका. मान धरती."

मानेचं दुखणं मला पटलं. न पटण्यासारखं काही नव्हतंच, त्या मानेनं काय काय पेललं होतं. आई मात्र आतून म्हणाली, "ह्यांना आजकाल उशी लागतीया, आन् उंच लागतीया." मला वाटलं, बायकांची नेहमीची कुरकुर.

तर उशी. आमच्या ग्रुपमध्ये उशी नेणाऱ्याला आम्ही 'नवरदेव' म्हणायचो. पण वडिलांसाठी नेम मोडायचा तर निदान शास्त्रशुद्ध मोडावा, असं मी ठरवलं. आधी वाशीहून फुगवायची रबरी उशी आणली. वजनाला उत्तम. रविवारी दुपारी हॉलमध्ये सतरंजी टाकून आबांना आडवं केलं. उशी त्यांच्या डोक्याखालून बाजूला सरकायची, ते पुन्हा ओढायचे, ती पुन्हा सरकायची. "हिच्यावर डोस्कं ठिवलं की डोस्कं कवा पळून जाईल सांगता येत न्हाई," ते म्हणाले. शिवाय तासाभरात तिच्यातली हवा गेली. मग आमच्या शेजारच्या कारखान्यातून फोमचा तुकडा मागून आणला. तो वजनाला पास, आकाराला नापास. सॅकमध्ये तो घातला की दुसरं काही मावेना. मग मी ट्रेकवाल्यांची जुनी युक्ती काढली, अभ्र्यात स्वेटर कोंबायचा. त्यावर आबांनी विचारलं, "स्वेटर उशीत, मग आंगावर काय? वर थंडी आसतीया." मी स्वेटर काढून परत घडी घातली.

एक गोष्ट प्रत्येक वेळी व्हायची. आबा आडवे व्हायचे, मिनिटभर डोळे मिटायचे आणि कोपरावर उठून बसायचे. मी विचारायचो, पटली का? ते म्हणायचे, "झ्याक हाय. वाईच उंच आसती तर." मला राग यायचा. उंची म्हणजे माल आणि माल म्हणजे वजन, हे साधं गणित या माणसाला कसं कळत नाही, असं वाटायचं.

शेवटी आमच्या सेक्टरच्या टोकाला असलेल्या गादीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, सावरीचा कापूस घ्या. साध्या कापसापेक्षा निम्म्यानं हलका, वर थंड. पोत्यातून मूठभर काढून त्यानं हातावर दिला, तर हातावर काही आहे असंच वाटेना. मी खूश झालो. त्यानं एक लहान खोळ घेतली, ठासून भरली, तोंडाला टाका घातला आणि आबांना म्हणाला, "काका, झोपून बघा ना. टेन्शन नाय."

आबा तिथंच गाद्यांच्या थप्पीवर आडवे झाले. या वेळी कोपरावर उठले नाहीत. त्यांचा चेहरा सैल पडला, इतका की मला वाटलं, झोपलेच. बऱ्याच वेळानं म्हणाले, "ही बास."

मी ती उशी उचलून शेजारच्या वाण्याकडे नेली आणि काट्यावर ठेवली. साडेचारशे ग्रॅम. वाण्यानं विचारलं, "उशी काय किलोवर घेता काय, शेठ?" मी परत आलो आणि गादीवाल्याला म्हटलं, यातला अर्धा कापूस काढा.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "झोपणार कोण, काका का तुमी?"

"नेणार मी," मी म्हटलं.

"मग काकांना विचारा ना."

आबा उठून बसले होते आणि चपला शोधत होते. ते म्हणाले, "काढ बाबा, काढ. उचलनार त्यो हाय."

गादीवाल्यानं टाका उसवला, ओंजळी भरभरून कापूस काढला आणि पुन्हा टाका घातला. काढलेला कापूस त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून दिला, तुमचा माल तुम्ही न्या म्हणून. घरी येऊन मी ती पिशवी माळ्यावर टाकली. उशी झाली दोनशे दहा ग्रॅम. सोमवारी मी ती कारखान्यात नेऊन सगळ्यांना दाखवली.

दिवाळीनंतर आम्ही गावाला गेलो आणि दुसऱ्या दिवशी डोंगर चढायला लागलो. सॅक माझ्याकडे, आबांच्या हातात फक्त काठी. पहिला चढ संपला तिथं ते थांबले आणि म्हणाले, "हितं आमची म्हस घसरली व्हती." मग म्हशीची सगळी गोष्ट. पुढच्या वळणावर पुन्हा थांबले, तिथं कुणाला साप चावला होता. त्याच्या पुढच्या झाडाखाली त्यांच्या मामानं त्यांना मारलं होतं. एरवी चार शब्दांत बोलणं उरकणारे आबा त्या दिवशी पावलोपावली गोष्टी सांगत होते. मला आधी मजा वाटली, मग कंटाळा आला. शेवटी मी म्हणालोच, "आबा, गोष्टी वर गेल्यावर सांगा ना, ऊन चढतंय." ते हो म्हणाले, वीस-पंचवीस पावलं चालले आणि पुन्हा थांबले. या वेळी काही बोलले नाहीत. नुसता हात लांब करून खालचं गाव दाखवलं आणि तो हात तसाच धरून उभे राहिले.

कोपरखैरण्याच्या आमच्या बिल्डिंगमध्येही हेच चाललं होतं. तिसऱ्या मजल्यावर येताना आबा प्रत्येक मजल्यावर थांबून कुणाशी ना कुणाशी बोलायचे. रिटायर झाल्यावर माणूस बोलका होतो, असं मी आईला म्हणालो होतो.

वर पोचलो, भाकऱ्या खाल्ल्या, देवळाच्या ओसरीवर अंथरूण घातलं. मी त्यांची उशी नीट ठेवून दिली आणि दमलो होतो म्हणून तसाच झोपलो. पहाटे जाग आली तर आबा भिंतीला टेकून बसले होते. पाठीमागे माझी सॅक, अंगावर घोंगडी, आणि उशी मांडीवर. तिच्यावर दोन्ही हात ठेवले होते. पूर्वेकडे तांबडं फुटत होतं आणि ते त्याच्याकडे बघत होते.

"उशी वापरली तरी का?" मी विचारलं. गुड मॉर्निंग नाही, काही नाही. आधी उशी.

"व्हय तर," ते म्हणाले. "लय ग्वाड हाय. डोस्कं टेकलं आन् झोपलो." मग त्यांनी मला जवळ बसायला खुणावलं. दिवस वर आला तेव्हा त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "आसा दिसतो व्हय." त्यांचे डोळे भरले होते. एवढं मात्र त्यांना मिळालं आणि ते मी दिलं. बाकी सगळं आठवून जीव तुटतो तेव्हा मी हेच धरून बसतो.

महिन्याभरात आबांचे पाय सुजले. आई आणि मी त्यांना वाशीला एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीण तरुण होती, माझ्यापेक्षाही लहान असेल. तिनं छाती तपासली, पायावर बोट दाबून पाहिलं. मग विचारलं, "आजोबा, झोपताना किती उशा लागतात?"

मला हसू फुटणार होतं. उशीबद्दल विचारायचं तर मला विचारा ना, असं तोंडावर आलं होतं. आबांनी डॉक्टरीणबाईंकडे नाही, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "येकच. ह्यानं आनलीया. लय हलकी हाय."

ती लिहायला लागली तेवढ्यात आई मागून म्हणाली, "खोटं कशाला बोलताय वो? चार लागत्यात, बाई. चार लावल्या तरी पडवत न्हाई, रातभर बसून आसत्यात."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आदीपासनं. ह्यो उशी शोधाया लागला, त्याच्याबी आदीपासनं."

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. हृदयाची ताकद कमी झाली की माणूस आडवा झाल्यावर छातीत पाणी चढतं आणि श्वास कोंडतो. म्हणून उशा वाढत जातात, आणि म्हणून त्या आम्ही मोजतो. मी खुर्चीची कड धरून ऐकत होतो. दिवाळीच्या आधी म्हणजे उशीच्या आधी, डोंगराच्या आधी. त्या सतरंजीवर दर रविवारी ते मिनिटभर श्वास कोंडून घेत होते आणि मी वर उभा राहून पटली का विचारत होतो.

आबा आईला हळूच म्हणाले, "त्याच्याम्होरं कशाला सांगतीस?"

घरी आल्यावर मी स्टुलावर चढून माळ्यावरची पिशवी काढली. उशीचा टाका उसवला आणि तो कापूस परत भरला, शेवटच्या पुंजक्यापर्यंत सगळा. मला नीट शिवता येत नव्हतं, आई मी शिवते म्हणत होती, तरी मीच शिवलं. आबा पलंगावर बसून बघत होते. उशी त्यांच्या पाठीशी लावायला गेलो तर त्यांनी ती माझ्या हातून घेतली, दोन्ही हातांवर तोलून पाहिली, जसं मार्केटात पोत्याला हात लावून वजन सांगायचे तसं, आणि म्हणाले, "वझं वाढलं की रं हिचं. तुला उचलंल का आता?"