गॅस वापस केला त्या वर्षीच्या महालक्ष्म्या

मी स्वभावाने शांत माणूस आहे, आणि हे मी गॅस एजन्सीच्या काउंटरवर हात आपटून आपटून सांगितलं होतं. तिथल्या माणसाला ते पटलं नाही. चूक त्याचीच होती, असं मला अजूनही वाटतं.

झालं असं, की आमचं सिलिंडर संपलं. फोनवरून नंबर लावला. (नंबर लावायचा म्हणजे एका रेकॉर्ड केलेल्या बाईशी बोलायचं. ती म्हणते एक दाबा, आपण एक दाबतो, ती धन्यवाद म्हणते आणि आपण वाट पाहत बसतो.) बरेच दिवस गेले. मग एका दुपारी मोबाईलवर मेसेज आला : आपले सिलिंडर घरपोच देण्यात आले आहे, आमची सेवा कशी वाटली ते कळवा. मी दारात पाहिलं, जिन्याखाली पाहिलं, मागच्या अंगणात पाहिलं. शोभा, म्हणजे माझी बायको, त्या वेळी शेजारच्या वानखडेंच्या गॅसवर आमचं वरण शिजवून आणत होती. तिला विचारलं, सिलिंडर आलं का? तिनं वरणाचं भांडं माझ्या नाकासमोर धरलं आणि आत गेली.

मी तसाच चपला घालून एजन्सीत गेलो.

"सिलिंडर आलं नाई," मी म्हटलं.

"मेसेज आला ना?" काउंटरवरच्या माणसानं मोबाईलमधून मान वर न काढता विचारलं.

"मेसेज आला."

"मंग सिलिंडरबी आलं."

आता मी विज्ञानाचा मास्तर. उभी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. कार्यकारणभाव म्हणून जे काही असतं ते मी पोरांच्या डोक्यात अक्षरशः कोंबलं. पण मेसेज आला म्हणून सिलिंडर आलं, हा सिद्धान्त मला नवीन होता! मी त्याला तो पुन्हा समजावून सांगायला लावला, तर तो चहा प्यायला निघून गेला. ते सिलिंडर शेवटी आमच्या कोपऱ्यावरच्या पानठेल्यामागे सापडलं. गल्ली पाइपलाइनसाठी खोदून ठेवलेली, म्हणून गाडीवाल्यानं तिथंच उतरवून दिलं आणि त्याच्यापुरतं ते घरपोच झालं. पानठेल्यापासून घरापर्यंत ते मी लोळवत आणलं. गल्लीतल्या सगळ्या बाया गॅलरीत उभ्या राहून पाहत होत्या. माझ्या डोक्यात जो जाळ झाला, त्यावर अख्ख्या अमरावतीचा स्वयंपाक झाला असता.

वानखडे कुंपणावरून म्हणाले, सर, आजकाल घरबसल्या मोबाईलवर गॅसवाला बदलता येते, तुमी कावून सहन करून राहिले? मला ते एकदम पटलं. त्याच रात्री जेवणाआधी मी मोबाईलवर बटणं दाबून दुसरी एजन्सी निवडली. काय सांगू, दुसऱ्या दिवशी जुन्या एजन्सीचं माझ्यावरचं प्रेम एकदम उफाळून आलं! तोच काउंटरवाला, पण आवाज साखरेचा. सर, कावून सोडून राहिले, आमचं काय चुकलं? मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, पाइपलाइनसकट. त्यानं शांतपणे ऐकलं, "पाहतो" म्हणाला आणि फोन ठेवला. मग माझा अर्ज आपोआप रद्द झाला. पुन्हा केला, पुन्हा फोन, पुन्हा साखर, पुन्हा रद्द. नवीन एजन्सीत गेलो तर ते म्हणाले, जुने सोडत नाहीत तोवर आमी घेऊ शकत नाई. जुन्यांकडे गेलो तर ते म्हणाले, नवीनवाले मागतच नाहीत, तर आमी सोडू कसं?

इथं तो हात आपटण्याचा प्रसंग घडला. मी शांत माणूस आहे हे सांगता सांगता माझ्या तोंडून निघून गेलं, "मले तुमचा गॅसच नोको! वापस घ्या तुमचं सिलिंडर!"

काउंटरवाल्यानं पहिल्यांदा मान वर केली. आणि पुढचं काम इतकं झटपट झालं म्हणता! त्याच दुपारी माणूस आला. खोदलेल्या गल्लीतून आला, पानठेल्यावर थांबला नाही. सिलिंडर नेलं, रेग्युलेटर नेलं, नळी राहिली होती तर ती घ्यायला परत आला. त्या एजन्सीनं मला दिलेली ही एकमेव घरपोच सेवा.

मी बाजारातून दोन इंडक्शन शेगड्या आणल्या आणि जुनी गॅसची शेगडी भंगारवाल्याला देऊन टाकली. ती भर गल्लीत दिली, लोक पाहतील अशी, आणि देताना वानखडेंना मोठ्यानं सांगितलं की माणसानं कुणाचं मिंधं राहू नये, आता आपण आणि आपली वीज. शोभा दारात उभी राहून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "महालक्ष्म्या तोंडावर आल्या, अन् तुमी हे काय करून राहिले?"

त्या वर्षीच्या महालक्ष्म्यांचं महत्त्व इथं सांगितलं पाहिजे. आमच्या घराण्याच्या महालक्ष्म्या अकोल्याला, माझ्या मोठ्या भावाकडे, दादाकडे बसत. आता वहिनींचे गुडघे गेले, म्हणून त्या पहिल्यांदाच आमच्याकडे यायच्या होत्या. वहिनींनी हो म्हटलं होतं, पण मनापासून नाही. शोभाच्यानं एवढा बारदाना आवरणार नाही, सोळा भाज्या, पुरण, आंबील, फुलोरा, पाऊणशे पानं, हे अमरावतीकरांचं काम नव्हे, असं त्यांनी सगळ्या नात्यात सांगून ठेवलं होतं. यंदा पाहू, नाई जमलं तं पुढच्या वर्षी वापस अकोल्याले. शोभानं हे ऐकलं त्या दिवसापासून ती डाळी निवडत होती. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मोठ्या जावेसमोर तिला पहिल्यांदाच काही करून दाखवायचं होतं.

मी तिला धीर दिला. म्हटलं, महालक्ष्म्यांले काय समजते स्वयंपाक कशावर झाला ते.

आवाहनाच्या दिवशी दादा-वहिनी अकोल्याहून गाडी करून आले. मुखवटे आले, साड्या आल्या, आणि त्यांच्यासोबत एका पोत्यात महालक्ष्म्यांची भांडी आली. आमच्या घराण्यात महालक्ष्म्यांचा नैवेद्य फक्त त्यांच्याच भांड्यांत शिजतो. पणजीच्या वेळचे पितळेचे उभट गंज, पितळेची कढई, पितळेचं पातेलं. दुसरं भांडं चालत नाही, चालवूनही घेत नाहीत. ती भांडी मी स्वतः चिंच लावून घासली, सोन्यासारखी लखलखीत केली आणि वहिनींना कौतुकानं दाखवली. तरीसुद्धा माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाचा दिवस. शोभा पहाटे न्हाऊन, ओल्या केसांनी स्वयंपाकघरात शिरली. हरभऱ्याची डाळ धुऊन मोठ्या गंजात घातली, गंज इंडक्शनवर ठेवला, बटण दाबलं. इंडक्शननं टीं टीं टीं केलं आणि बंद पडलं. दुसऱ्यावर ठेवला. त्यानंही तसंच केलं. मी गेलो, बटण जोरात दाबलं. (यंत्रं जोरात दाबल्याने ऐकतात, असा आमच्या घराण्याचा समज आहे.) टीं टीं टीं.

आणि मग मला आठवलं. पितळेला लोहचुंबक चिकटत नाही. हे मी आठवीच्या पोरांना दरवर्षी शिकवलं. ज्यांनी परीक्षेत चुकीचं लिहिलं त्यांचे कान पिळले. इंडक्शनला चुंबक चिकटणारंच भांडं लागतं, हे खोक्यावर चित्र काढून दाखवलेलं होतं.

"काय झालं?" वहिनींनी पाटावरून विचारलं.

"काही नाई, गरम होऊन राहिलं," मी म्हणालो.

मी मास्तर असल्यामुळे प्रयोग केला. इंडक्शनवर आधी लोखंडी तवा, तव्यावर पितळेचा गंज. तवा तापेल, तव्यानं गंज तापेल, हे शास्त्राला धरून होतं. दोन्ही इंडक्शनवर असे मजले चढवले आणि दोन्ही फुल्ल केली. त्याच वेळी शोभानं मिक्सर लावला. बोर्डातून एक निळी ठिणगी निघाली, जळका वास सुटला आणि अख्ख्या घराची लाईन गेली. मिक्सर थांबला. पंखा थांबला. महालक्ष्म्यांच्या मखरावरची दिव्यांची माळ विझली, ते मात्र सगळ्यांनी पाहिलं.

वहिनी म्हणाल्या, "आमच्या अकोल्यात असं कधी झालं नोतं."

मी गल्लीत धावलो. कुणाकडे एखादं जास्तीचं सिलिंडर, एखादी शेगडी? पण घरोघरी महालक्ष्म्या! प्रत्येकाची शेगडी पेटलेली, प्रत्येकाचं जास्तीचं सिलिंडर अंगणात भट्टीला लावलेलं. वानखडेंच्या मागच्या अंगणात वड्यांची कढई चढली होती. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, आता आपण आणि आपली वीज ना सर? केटरिंगवाल्यांना फोन केले. एकानं हसून फोन ठेवला, दुसऱ्यानं न हसता ठेवला. एजन्सीलाही केला, लाज सोडून केला. त्या रेकॉर्ड बाईनं एक दाबायला सांगितलं आणि मग कळवलं की या नंबरवर कुठलंही कनेक्शन नाही.

घरी आलो तेव्हा शोभा दारातच उभी होती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दुपारच्या आत नैवेद्य नाई मांडला, तं महालक्ष्म्या वापस अकोल्याले जातीन," ती म्हणाली. "अन् मी माहेरी जाईन. तुमी त्या इंडक्शनसंग राह्यजा."

मग मागच्या अंगणात, टिनाच्या शेडखाली, चार ठिकाणी तीन-तीन विटा मांडल्या गेल्या. चुली झाल्या, जाळायला काय? भाद्रपद महिना, सगळी लाकडं ओलीचिंब. दादानं घरभर नजर फिरवली. नूतनीकरणात काढलेला सागवानी दरवाजा मी कामात येईल म्हणून जपून ठेवला होता, तो कामात आला. मग माझं जुनं टेबल. मग शोभानं माझ्या आरामखुर्चीकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, शोभा, या खुर्चीत बसून मी... दादानं कुऱ्हाड उचलली होती. माझं वाक्य तसंच राहिलं.

आणि मग मला फुंकणी दिली. चार चुली आणि एक मास्तर. एक पेटली की दुसरी विझायची. दुसरीकडे धावलो की पहिलीतून धूर. मी त्या एजन्सीला शिव्या देत फुंकत होतो, काउंटरवाल्याला नाव घेऊन शिव्या देत होतो (नाव मला माहीत नव्हतं, मी एक ठेवलं होतं), आणि रागाचा श्वास जास्त जोरात निघतो, हे त्या दिवशी मला कळलं. माझा संताप वाढला की पुरणाला उकळी यायची. शोभाच्या हे लक्षात आलं. जाळ मंदावला की ती माझ्यामागून जाता जाता हळूच म्हणायची, "अन् तुमाले थे सिलिंडर लोळवत आणा लागलं, नाई का?" की मी पुन्हा पेटायचो.

वहिनी बराच वेळ पाटावर बसून पाहत होत्या. मग त्यांनी पदर खोचला, गुडघ्याला शिव्या घातल्या आणि पुरण वाटायला पाट्यावर जाऊन बसल्या. मिक्सर नसल्यानं दुसरा इलाजच नव्हता. सकाळपासून पहिल्यांदा त्या अकोल्याविषयी काही बोलल्या नाहीत.

नैवेद्य वेळेत मांडला गेला. अगदी काठावर, पण वेळेत. पंगत बसली, आणि पहिल्या घासालाच लोक बोलायला लागले. पुरणाची चव! आंबिलीची चव! कुणीतरी म्हणालं, आजीच्या वेळेस असं खाल्लं होतं. वहिनींनी भर पंगतीत जाहीर केलं, "चुलीवरचा अस्सल नैवेद्य हाय. शोभानं मुद्दाम केला. गॅस घरात ठेवला नाई तिनं यंदा. आमच्या अकोल्यात मले कधी जमलं नाई." आणि महालक्ष्म्या आता अमरावतीतच राहतील, दरवर्षी चुलीवरच, असंही सांगून टाकलं. शोभा तूप वाढत होती. तिचा हात थांबला, आणि समोरच्या पानावर जरा जास्तच तूप पडलं.

माझे डोळे लाल होऊन सुजले होते, गालांवरून पाणी वाहत होतं. एका म्हाताऱ्या पाहुण्यानं मला वाकून नमस्कार केला. भक्ती असावी तं अशी, म्हणाला. मी नुसती मान डोलावली. तोंडात राख होती.

विसर्जन झालं, दादा-वहिनी गेले, पण घरात गॅस नव्हताच. नवीन एजन्सीत नवं कनेक्शन मागितलं होतं, कागद पुढं गेलेत म्हणत होते. लाईनवाल्यानं बोर्ड दुरुस्त केला आणि जाताना बजावलं की या घरात इंडक्शन लावू नका. तेव्हा सकाळचा चहा, दुपारचं वरण, संध्याकाळची भाकर, सगळं मागच्या अंगणात.

एके दिवशी मी असाच चुलीपाशी उकिडवा बसून फुंकत होतो. वानखडे कुंपणावर आले. त्यांचंही सिलिंडर आलं नव्हतं, मेसेज तेवढा आला होता. ते शोभाला म्हणाले, "वहिनी, आमीबी गॅसवाला बदलाव म्हणतो. सरांनी एवढी खटपट केली, तं काही फायदा झाला का?"

शोभानं माझ्याकडे पाहिलं. मी राखेनं भरलेलं तोंड वर केलं.

"पह्यलेचा बोलावूनबी येत नोता, भाऊजी," ती म्हणाली. "आताचा लय चिडते, अन् धूरबी लय करते. पण घरपोच हाय."