म्हशीचं गाणं

शुक्रवार पेठेत सोमलिंगचं लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान होतं. लग्न असो की बारसं, कर्णा त्याचाच. माणूस गुणी, पण पायाला भिंगरी. चहासुद्धा उभ्यानं प्यायचा, आणि गाण्याविषयी कुणी वेडंवाकडं बोललं की कप तसाच ठेवून भांडायला जायचा.

होटगीच्या एका रेल्वे गार्डाची बदली झाली, तेव्हा त्यानं जुन्या तबकड्यांचं खोकं सोमलिंगला देऊन टाकलं. त्यात एक लहान इंग्रजी तबकडी निघाली. ‘सिल्व्हर काइट्स’ नावाच्या विलायतेतल्या चार पोरांची, त्यांना कुणी ओळखत नव्हतं तेव्हाची. एक बाजू ओरखडे पडून वाया गेलेली, दुसऱ्या बाजूला एक गाणं. सोमलिंगनं ते लावलं आणि हा भिंगऱ्या माणूस चक्क खाली बसला. जड, खोल आवाजात ती पोरं कुणाला तरी जाऊ नकोस म्हणताहेत, असं त्याला वाटलं. शब्द एक कळत नव्हता. पण धाकटा भाऊ वारल्यापासून आत काहीतरी अडकून बसलं होतं, ते सुटलं आणि त्याला रडू आलं.

"अवो, म्हशीचं पोट दुकतंय का काय?" आतून त्याची बायको चन्नम्मा ओरडली. "साकु! पुरे झालं, बंद करा ते."

तेव्हापासून ते म्हशीचं गाणं. सोमलिंग रोज संध्याकाळी लावी, आणि चन्नम्मा कुरकुरत भाकऱ्या थापत राही.

चौऱ्याहत्तर साली काइट्सचं भलतंच एक धांगडधिंग्याचं गाणं गाजलं. वरातीतली पोरं तेच मागू लागली. सोमलिंगला खरं तर आनंद व्हायला हवा होता, झाला संताप. "ह्यांचं खरं गाणं माज्याकडं हाय," तो सांगे, आणि पोरं हसत. गाढवाला गुळाची चव काय, असं पुटपुटत तो घरी येई, पण झोप उडे ती त्याचीच. आपल्याला जिवापाड आवडलेलं दुसऱ्या कुणालाच आवडत नाही, म्हणजे आपल्यातच काही खोट आहे की काय? ही शंका त्याला ढेकणासारखी चावे.

मग एकदा रेडिओवर सांगितलं, की रविवारी संध्याकाळी काइट्सची मागं पडलेली जुनी गाणी लागणार. सोमलिंगनं रेडिओ कर्ण्याला जोडला, कर्णा माळवदावर चढवला, तोंड गल्लीकडं केलं आणि दारोदार सांगून आला, "आज ऐका. मग बोला."

निवेदकानं त्या गाण्याचं नाव घेतलं, आणि कर्ण्यातून बाहेर पडलं एक उड्या मारणारं, नाचरं गाणं. चाल तीच. पण पाठीमागं कुत्रं लागल्यागत पळत सुटलेली.

"खटका चुकलाय त्यांचा!" सोमलिंग माळवदावरून ओरडला. "अरं, कुनीतरी सांगा त्यास्नी!"

तोवर खाली गल्ली नाचू लागली होती. "लई भारी हाय की, सोमलिंगअण्णा!" समोरचा कोंडीबा टाळ्या पिटत म्हणाला. "इतकं दिस आमाला का न्हाय ऐकवलं?"

सोमलिंग धडपडत खाली आला. तबकडी दिव्याखाली धरली. लेबलावर मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांचा आकडा स्वच्छ छापलेला होता. पहिल्यांदा लावताना मशीनचा वेगाचा खटका आधीच्या मोठ्या तबकडीच्या तेहतीसवरच राहून गेला होता, आणि पुढं रोज तिथंच. साऱ्या पेठेची मशीनं दुरुस्त करणाऱ्याच्या घरी ही गत, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्यानं पंचेचाळीसवर लावून पाहिलं. रेडिओवरचंच गाणं. भाऊ काही आठवेना. म्हणजे ज्याच्यासाठी तो साऱ्यांशी भांडला, ते गाणं त्या पोरांनी कधी गायलंच नव्हतं. तबकडी उचलून मोडून टाकावी असं त्याला वाटलं.

आत भाकरीची थाप थांबली. चन्नम्मा पिठाच्या हातांनी दारात आली.

"हे काय लावलंय?"

"खरं गाणं हाय हे. इतकी वर्सं मी चुकीचं लावत हुतो."

"आसंल. पण ह्याच्यावर मला भाकरी थापाय येत न्हाय. फाटती. आपली म्हैस लावा."

ती आत गेली. सोमलिंगनं खटका तेहतीसवर ढकलला आणि खाली बसला. आतून थाप पडू लागली, थेट त्या संथ ठेक्यावर. रोज ती अशीच पडत आली होती, आणि त्याला ती आज पहिल्यांदा ऐकू आली.