कापलेली अडखळ

परवा कपाट आवरताना व्हिडिओ संपादनाचे जुने मार्गदर्शक पुस्तक हाती आले. त्याच्या गुळगुळीत कागदाला अजूनही शाईचा उग्र वास होता, आणि मी लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधल्या एका दुपारी जाऊन पोहोचलो.

ते पुस्तक समोर ठेवून मी हौसेने संपादन शिकत होतो. मुलगी रेवा तेव्हा अकरावीत होती. बोलताना ती अडखळत असे. त्या संध्याकाळी मंडळाच्या गणेशोत्सवात पडद्यावर दाखवायचे तिचे भाषण मी चित्रित केले होते. नको असलेला भाग कसा कापावा, हे प्रकरण वाचून मी तिची प्रत्येक अडखळ कापली, सांधे जुळवले आणि अभिमानाने तिला बोलावले.

तिने निम्मेच पाहिले. "ही कोण आहे?"

"तूच. किती स्वच्छ बोलतेस बघ!"

"ही मी बिल्कुल नाही. प... परत जोडा सगळं."

"अगं, लोक हसतील म्हणून केलं."

"लोक अजून आलेच नाहीत, बाबा. आत्ता इथे फक्त तुम्ही आहात."

तेव्हा मला ती कृतघ्न वाटली. "मग कर तुझं तूच," असे मी तोडून बोललो. माझी लाज मी काळजी म्हणून तिच्या गळ्यात घालत होतो, हे उमजायला फार वर्षे गेली.

तिने माझ्या हातातून माउस ओढून घेतला. एकेक काप रद्द होत गेला, एकेक अडखळ परत आली, आणि माझ्याकडे न पाहता रेवा स्वतःचा आवाज शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली.