खापराची जागा

"कुठं सापडलं?"

कुणी काहीही पुढे केलं की मॅडमचा पहिला प्रश्न हा. नाणं असो, खापराचा तुकडा असो, नाहीतर डब्यातली नवी चटणी असो. चष्मा कपाळावर सरकवून त्या आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. उत्तर मिळाल्याशिवाय हात पुढे येत नसे.

मी इतिहास विभागाच्या दारात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मलाही त्यांनी तेच विचारलं. "तू कुठं सापडलीस गं?"

"आजऱ्याची," मी कसंबसं म्हणाले. आई काजूच्या कारखान्यात बिया सोलायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. नाव सांगणार तोच त्या म्हणाल्या, "नाव मागनं. ये आजरा, बस."

तेव्हापासून मी आजरा. पुढे त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले, तरी हाक तीच. विद्यार्थ्यांची नावं विसरणारे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. मॅडम विसरत नसत. जागा हे माणसाचं अर्धं नाव आहे, असं त्यांना मनापासून वाटे.

प्राचीन संस्कृतींचा पेपर त्यांच्याकडे होता. वर्गात पुस्तकी मराठी, वर्गाबाहेर अस्सल कोल्हापुरी. "राजांची नावं पाठ करा, परीक्षेला लागतात," त्या सांगत. "पण पिरॅमिड बांधणाऱ्यांना भाकरी कोण भाजून घालत होतं, मोहेंजोदडोची गटारं कोण उपसत होतं, हे विचारायला लाजू नका." मग खिडकीतून ब्रह्मपुरीच्या टेकाडाकडे बोट जाई. "सातवाहनांच्या काळात तिथं वस्ती होती. रोमकडच्या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती तिथं मिळाली. समुद्र कुठं, पंचगंगा कुठं! आणि त्या घरातली भांडी या नदीवर कोण घासत होतं?" वर्ग हसे. त्या हसत नसत.

विहीर खणताना, घराचा पाया काढताना खापरं निघाली की मुलं ती मॅडमकडे आणत. मॅडम एस.टी.नं त्या गावी जाऊन जागा बघून येत. मग खापराच्या आतल्या बाजूला काळ्या शाईनं, बारीक अक्षरात गाव आणि आकडा घालत आणि शाई टिकावी म्हणून वरून नेलपॉलिशचा पारदर्शक हात देत. ज्या बाईनं आयुष्यात नखं रंगवली नाहीत, तिच्या ड्रॉवरमध्ये नेलपॉलिशच्या बाटल्या! आम्ही मुली तोंडाला ओढणी लावून हसायचो.

हे सगळं एका नकाशासाठी चाललं होतं. पंचगंगेच्या खोऱ्यात जुन्या वस्त्या कुठे कुठे होत्या, त्याचा नकाशा. प्रत्येक खापर म्हणजे त्यावरचा एक ठिपका. "रिटायर झाल्यावर निवांत काढीन," त्या म्हणत.

त्याआधी महापूर आला.

विभागाची खोली तळमजल्यावर होती. पाणी ओसरल्यावर आत गुडघाभर गाळ, आणि ट्रे उलटेपालटे. नोंदवहीचा लगदा झाला होता. रस्ते बंद असल्यानं मॅडमना आणि मला पोहोचायला उशीर झाला. आमच्या आधी शेजारच्या तालमीची पोरं येऊन गाळ उपसत होती. त्यांचा म्होरक्या एक पैलवान गडी होता, सकाळी दुधाची गाडी चालवणारा. आम्हाला बघून तो धावतच आला.

"मॅडम, बगा की! एक तुकडा वाया जाऊ दिला न्हाय. गाळात हात घालून सगळी खापरं येचली. काथ्यानं, पावडरनं घासून लख्ख केल्यात."

व्हरांड्यात ताडपत्रीवर खापरांचा एकच ढीग होता. लाल, काळी, करडी, नुकत्याच घासलेल्या ताटांसारखी स्वच्छ. मॅडमनी एक उचललं, उलटं केलं. दुसरं उचललं. पुराच्या पाण्यात नेलपॉलिशचा थर सुटला होता आणि त्याखालची शाई काथ्यानं पुसून नेली होती. कुठेच गाव नव्हतं, आकडा नव्हता.

माझ्या ओठांवर शब्द आले होते. मॅडमनी माझा हात दाबला.

"कुणी घासली?"

"आमी समद्यांनीच."

"चांगली घासलीत रे," त्या म्हणाल्या. "लई वर्सांनी कुणीतरी घासली." आणि मला म्हणाल्या, "आजरा, पोरांना चहा सांग."

पोरं गेल्यावर त्या ढिगाशेजारी खाली बसल्या. "यांच्या घरात अजून गाळ हाय गं. आपलं आधी केलं त्यांनी. काय बोलायचं?"

पैलवानाला हे नंतर कळलं. मीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी दूध घालून तो थेट विभागात आला आणि मॅडमसमोर मान खाली घालून उभा राहिला.

"आता वो?"

"आता काय. गाडी हाय न्हवं तुझी? चल, पुन्ना विचारत जाऊ."

निवृत्तीनंतर त्या दुधाच्या गाडीतून गावोगाव फिरल्या. पिशवीत खापरं. जुन्या विद्यार्थ्यांच्या दारात उभं राहून तोच प्रश्न. कुणाला आठवे, बहुतेकांना नाही. मी एकदा म्हणाले, "मॅडम, अंदाजानं ठिपका द्या की." त्या चिडल्या. "अंदाजानं दिलेला ठिपका म्हणजे खोटं गाव वसवणं झालं." फिरताना पैलवानालाही धडे चालू असत. शेतात काही दिसलं की त्याचा हात पुढे जाई आणि त्या ओरडत, "हात लावू नगंस! आधी जागा बघ. उचललंस की जागा मेली."

नकाशा पुरा झाला नाही. चार-दोन ठिपके, बाकी कोरा कागद. तो तसाच विभागाच्या भिंतीवर आहे.

मॅडम गेल्या तेव्हा आम्ही विद्यार्थिनीही घाटावर गेलो. समोर ब्रह्मपुरीचं टेकाड. अग्नी दिल्यावर त्यांच्या भावानं खांद्यावर मडकं घेऊन चितेभोवती फेऱ्या घातल्या, मग मागे सोडलं. मडकं फुटलं. लोक पांगू लागले. एक तुकडा माझ्या पायाशी येऊन पडला होता, लाल, आतून ओला. इतक्या वर्षांच्या सवयीनं मी वाकले.

"आजरा मॅडम, ऱ्हाऊ दे," मागून पैलवान म्हणाला. "जागा हलंल."

आणि लोकांचा पाय पडू नये म्हणून तो त्या तुकड्याजवळ उभा राहिला, चिता विझेपर्यंत.