राखेनं घासलेल्या पट्ट्या

“आगं आजे, काय केलंस हे!” नात ओरडली, तेव्हा तिच्या तीन काळ्या पट्ट्यांपैकी दोन माझ्या हातात फाटल्या होत्या. प्लॅस्टिकवर काजळी बसलीय समजून मी त्या राखेनं घासल्या. तिसरी घासून उन्हात वाळत घातली होती.

ती काजळी नव्हती, डोळ्यांना न दिसणाऱ्या कार्बनच्या नळ्या होत्या. वीज दिली की पट्टी स्नायूसारखी वाकते. उद्या दौंडहून गाडीनं जाऊन नातीला तेच पुण्याच्या कॉलेजात दाखवायचं होतं.

तिनं तिसरीला बॅटरी जोडली. हलेना.

“वाळली गं, ओलीच लागते,” ती रडकुंडीला आली.

“मग रडतीस काय? पाणी पाज तिला!”

पाजलं. पट्टी बोटासारखी वाकली! मी टाळ्याच पिटल्या.

तिघींतली एक वाचली, आन् मी वाचले.