विहिरीजवळचं झाड

परदेशांचे आयातीचे नियम डहाणूत घरबसल्या पाळणारा माणूस एकच, आणि ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. बाकीच्यांची मी चौकशी केलेली नाही, पण दुसरा निघेल असं वाटत नाही. बाजारात मामा वांग्यांचा भाव विचारत नाहीत, शेवटची फवारणी कधी झाली ते विचारतात. भाजीवाली म्हणते, "मामा, घ्यायची तर घ्या, वांग्याची पत्रिका माझ्याकडे नाय." घरी मामींनी केलेली भाजीही ते आधी हुंगतात. मग मामी ताट उचलून नेतात.

हे सुरू झालं चिकूवरून. मामांची चिकूची वाडी आहे. इकडच्या बऱ्याच वाड्यांत असतं तसं त्यांच्या विहिरीजवळचं एक झाड घरचं. त्यावर फवारणी नाही, त्याची फळं विकायची नाहीत. ती लेकीबाळींनी आणि पाहुण्यांनी खायची. एका व्यापाऱ्याने परदेशी पाठवायला चिकू मागितले आणि तपासणीसाठी आधी नमुना मागवला. परदेशी माणूस म्हणजे पाहुणाच, असं म्हणून मामांनी घरच्या झाडाची फळं पुसून दिली. नमुना उत्तम ठरला. माल गेला तो मात्र बाकीच्या वाडीतला. मुंबईत तो पुन्हा तपासला, फवारणीच्या औषधाचा अंश मर्यादेबाहेर निघाला आणि अख्खा टेम्पो परत आला. यात मामांची लबाडी नव्हती, आदरातिथ्य होतं.

व्यापारी शांत होता. म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. तलासरीच्या बाजारात दुपारपर्यंत खपेल."

मामांनी टेम्पोतला एक चिकू उचलून हुंगला. मग म्हणाले, "तिकडच्या पोरांना जे चालत नाही, ते तलासरीच्या पोरांना कसं चालेल?"

व्यापारी हसला. मामी हसल्या नाहीत, कारण घराचं गळकं छप्पर त्याच मालावर बदलायचं होतं. मामांनी सगळे चिकू वाडीत खड्डा करून पुरले आणि गुरं उकरतील म्हणून दिवसभर तिथेच खुर्ची टाकून बसले.

आता ते औषध कुठल्याच झाडावर नाही. फळं बारीक, डागाळलेली येतात. परदेशातून कोणी विचारत नाही, तलासरीला मामा स्वतः घेऊन जातात. छप्पर तेच आहे.

परवा गेलो तेव्हा मामींनी चिकू कापला. मी सवयीने विचारलं, घरच्या झाडाचा का?

"आता कुठलं घरचं नि कुठलं बाजारचं, जावईबापू," मामी म्हणाल्या. "ह्यांनी सगळीच झाडं घरची करून ठेवलीत."

हे बोलताना त्या छपराकडे बघत होत्या. मग मामांच्या ताटलीतली डागाळलेली फोड त्यांनी स्वतःकडे घेतली आणि तिथे आपली चांगली फोड ठेवली.