रेडिएटरचं पाणी

ती गाडी आमच्या घरी येण्याआधीच तिनं बाबांचं मनगट मोडलं होतं.

उस्मानपुऱ्यात एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या बंगल्यामागं ती कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. इंग्रजी बनावटीची स्पोर्ट्स कार, दोन माणसांपुरती, बिनटपाची, जमिनीला चिकटून बसलेली. बंगला पाडून तिथं फ्लॅट व्हायचे होते. डॉक्टर मुलाकडं परदेशी निघाले होते आणि गाडी भंगारवाल्याच्या हाती द्यायला त्यांचं मन होत नव्हतं. बाबा त्यांच्या बोअरची मोटर वर्षानुवर्षं दुरुस्त करायचे. डॉक्टर म्हणाले, चालू झाली तर तुम्हीच न्या.

बाबांनी पेट्रोल घातलं, प्लग पुसले, पुढच्या भोकात हँडल घालून जोरात फिरवलं. इंजिननं उलटा झटका दिला. हँडल त्यांच्या मुठीतच गरकन फिरलं आणि हाड मोडल्याचा आवाज मला शेजारी उभं राहून ऐकू आला. वाळलेली तुराटी मोडावी तसा. बाबा खाली बसले. तोंड पांढरंफटक पडलं होतं. हात पोटाशी धरून म्हणाले, "जीव आहे हिच्यात." गाडी त्याच संध्याकाळी टेम्पोला दोर बांधून गारखेड्याच्या आमच्या घरी आली.

घर म्हणजे एक अंगण आणि त्याच्या दोन बाजूंना दोन घरं. एकात आई, बाबा आणि मी, दुसऱ्यात काका आणि काकू. बाबा चिकलठाण्याच्या कारखान्यात फिटर होते, नुकतेच घरी बसले होते. काकांनी कधी नोकरी केली नाही. आजूबाजूचं सगळं शिवार प्लॉटमध्ये गेलं, आमचंही गेलं, तरी ते म्हशी पाळायचे आणि आमच्याच जुन्या रानात उभ्या राहिलेल्या बिल्डिंगांना दूध घालायचे. त्यांच्या म्हशी एका छपरात आणि बाबांची गाडी दुसऱ्यात. मध्ये कुंपण नव्हतं.

प्लास्टर होतं तोवर बाबांचा उजवा हात मीच होते. मी तेव्हा सकाळच्या पाळीला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची, दुपारी मोकळी असायची. बाबा स्टुलावर बसून सांगायचे, मी करायची. पहिल्याच दिवशी कळलं की आमच्याकडचा एकही पाना तिला लागत नाही. मिलीमीटरचा नाही, नेहमीचा इंचाचाही नाही. बाबांनी जुन्या बाजारातून गंजका संच शोधून आणला. चाकांना नट असे नव्हतेच. मधोमध एकच मोठं पंख्यासारखं बोंड, ते तांब्याच्या हातोड्यानं ठोकून सोडवायचं. लोखंडी हातोड्यानं कड फुटते, म्हणून तांब्याचा. तो चांगलाच जड होता. मी सगळी ताकद लावून घाव घालायची आणि बाबा ओरडायचे, "मार. लाजू नको, मार." नट सुटला नाही की पाना भिंतीवर फेकायचे. छपराच्या पत्र्याला त्यांच्या रागाचे पोचे पडले होते. माझी बोटं सोलून निघायची, नखं काळी पडायची, आणि लॅबमध्ये लोक सुई टोचून घ्यायला माझ्यापुढं हात करताना आधी माझ्या हातांकडं बघायचे. पण पहिल्यांदा ती गुरगुरून चालू झाली, सगळं छप्पर थरथरलं, तेव्हा मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही.

मग एकामागून एक कोरडी वर्षं आली. आमचं बोअर धुळीवर आलं. नळाला पाणी कधी येईल हे नळवाल्यालाही सांगता येईना. टँकर यायचा, तो कोपऱ्यावर हॉर्न द्यायचा आणि लोक भांडी घेऊन पळायचे. काकांनी एक म्हैस विकली. राहिल्या दोन म्हशी आणि एक वगार, वर्षाचीही नसेल. काका स्वतः अंघोळ न करता तिला पाणी पाजायचे. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या.

गाडीला त्या उन्हाळ्यात ताप चढायला लागला. थोडं चाललं की रेडिएटर उकळायचा. बाबा एक-एक तांब्या पाणी घालायचे आणि काका समोरच्या ओट्यावर बसून ते बघायचे. एकदा म्हणाले, "दादा, तुझी म्हैस लई पिती." बाबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजारातून कूलंटचे डबे घेऊन आले. पाणी वाचवायचं म्हणून त्यांनी रेडिएटरमध्ये जवळजवळ तेच भरलं, पाणी नावालाच. हिरवंगार, दाट, वासाला गोडसर.

ताप काही उतरला नाही. एका रविवारी सकाळी ऑइल मोजायची पट्टी काढली तर ऑइल ताकासारखं पांढरं झालेलं. हेड म्हणजे इंजिनचं झाकण, त्याखालचं गॅस्केट फुटलं होतं आणि कूलंट ऑइलमध्ये उतरत होतं. सगळं उघडायला लागणार होतं. बाबांनी गाडीखाली घमेलं सरकवलं, रेडिएटरची खालची तोटी सोडली आणि हिरवी धार घमेल्यात पडायला लागली. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला.

आम्ही सगळेच पळालो. कोपऱ्यावर नव्या बिल्डिंगमधली माणसं आधीच पाइप धरून उभी होती. टँकर अर्धा बिल्डिंगच्या टाकीत उतरवायचा असं त्यांचं ठरलं होतं म्हणे. कुणाशी ठरलं ते कुणी सांगेना. आईनं पाइपाचं तोंड आमच्या ड्रमकडं ओढलं. एकानं ते हिसकावलं, दुसऱ्यानं तिला ढकललं, आणि मागून कुणाचा तरी भरलेला हंडा तिच्या कपाळावर बसला. ती चिखलात पडली. रक्त डोळ्यात उतरलं. बाबा तिला उचलायला वाकले आणि काका त्या माणसांवर तुटून पडले. मी काकांना तसं कधी पाहिलं नव्हतं. एकाला त्यांनी टँकरच्या चाकाशी दाबून बुक्क्यांनी बदडलं. दोघांनी मिळून त्यांना मागून धरलं, त्यांच्या कानाची पाळी फाटली, तरी ते थांबेनात. बायका कळशांनी एकमेकींना मारत होत्या. पाइप जमिनीवर सापासारखा वळवळत पाणी ओतत होता. मग टँकरवाल्यानं व्हॉल्व बंद केला आणि तो निघून गेला. आमच्या वाट्याला दीड ड्रम पाणी आलं.

आईला धरून अंगणात आलो तेव्हा वगार दावं तोडून आमच्या छपरात उभी होती. घमेलं रिकामं. ती तळ चाटत होती.

बाबांनी धावत जाऊन तिचं तोंड ओढलं. काका म्हणाले, पिऊ दे की, तेवढाच घोट. बाबा म्हणाले, "अरे, ते पाणी नाही." काकांना वाटलं बाबा कंजूषपणा करतायत. कानातून रक्त गळत असताना त्यांनी वगारीच्या पाठीवर हात फिरवला आणि तिला बांधायला घेऊन गेले.

संध्याकाळपर्यंत ती दारू प्यायल्यासारखी झुलायला लागली. गुरांचे डॉक्टर आले. काय प्यायली ते बाबांनी डबा दाखवून सांगितलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, पण जाताना बाबांना बाजूला घेऊन म्हणाले की हे विषच असतं, आता उशीर झालाय. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. सोपी गेली नाही. चारी पाय झाडत होती, डोकं जमिनीवर आपटत होती. काकू तिचं डोकं मांडीवर घ्यायला बघायची आणि प्रत्येक झटक्याला मागं फेकली जायची. काका उभे होते. ती थंड झाल्यावरही बराच वेळ उभे राहिले. मग गोठ्यात जाऊन पहार घेऊन आले.

बाबा छपरात होते. त्यांनी वाट सोडली. पहिला घाव दिव्यावर बसला. दुसऱ्यात काच गेली. मग वर उघडून ठेवलेलं बॉनेट. काका मारत होते, प्रत्येक घावाला त्यांच्या छातीतून हुंकार निघत होता. काचेचे तुकडे माझ्या केसांत आले. बाबा भिंतीला टेकून बघत राहिले. मला वाटलं, ते हे होऊ देणार. होऊन जाऊ दे, असंच त्यांच्या तोंडावर होतं. पण आदल्या रात्री बाबांनी इंजिनचं हेड उतरवलेलं होतं, सिलिंडर उघडे होते. काकांनी पहार उभी धरली आणि टोक त्या उघड्या सिलिंडरांवर रोखलं. बाबांच्या हातात तांब्याचा हातोडा कधी आला, मला दिसलं नाही.

मी मध्ये गेले. पहार दोन्ही हातांनी धरून बाजूला ओढली. बाबांचा घाव काकांच्या खांद्यासाठी निघाला होता. तो पहारीवरच्या माझ्या डाव्या हातावर बसला.

दुखलं नाही लगेच. मी हाताकडं बघितलं तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट भलतीकडं बघत होती. मग मी खाली बसले.

काकांनी पहार टाकली. कमरेचा रुमाल सोडून माझा हात घट्ट बांधला आणि मोटारसायकल काढली. मला मध्ये बसवलं, मागून बाबांनी मला धरलं. त्या रस्त्यानं तिघं एकमेकांना चिकटून बसलो होतो. बाबांची छाती माझ्या पाठीशी धडधडत होती आणि पुढं काकांच्या फाटक्या कानातून पुन्हा रक्त यायला लागलं होतं.

सरकारी दवाखान्यात मारहाणीचा संशय आला म्हणून चौकीतल्या हवालदाराला बोलावलं. त्यानं विचारलं, काय झालं.

काका म्हणाले, "बॉनेट पडलं, साहेब. लई जुनी गाडी हाय."

बाबा म्हणाले, "खोटं बोलतोय तो. मी मारलं. हातोडा माझा होता."

हवालदारानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, बॉनेट पडलं. त्यानं तेच लिहून घेतलं. बाबा बाकावर बसले आणि भिंतीकडं तोंड करून रडले. त्यांच्या शेजारी काका बसले, पण मध्ये एका माणसाची जागा सोडून.

करंगळीचं वरचं पेर काढावं लागलं. दुसरं बोट वाचलं, पण वळत नाही. पावसाळ्याआधी काकांनी त्यांच्या बाजूची जागा बिल्डरला दिली, म्हशी टेम्पोत चढवल्या आणि सिल्लोडजवळ काकूच्या माहेरगावी जाऊन राहिले. निघताना आईच्या पाया पडले. बाबा तेव्हा घरात होते. ना ते बाहेर आले, ना काका आत गेले.

बाबांनी गाडीला हात लावायचं सोडलं. भंगारात घाल, म्हणाले. मी घातली नाही. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. शेजारी बिल्डिंगसाठी बोअरची मशीन दिवसभर किंचाळायची, सगळ्या छपरावर दगडाची पांढरी भुकटी बसायची, आणि मी आठ बोटांनी इंजिनमधून काच वेचायची. नवं गॅस्केट मुंबईहून मागवलं. हेड बसवून नट आवळताना बाबा पाठमोरे खुर्चीत बसून होते. मी कडेचा नट आधी घेतला, तसे मान न वळवता म्हणाले, "मधल्यापासून सुरू कर. नाहीतर पुन्हा फुटेल." बॉनेट मी उलटं ठेवून पोत्यावर ठोकलं. जमेल तितकं सरळ झालं.

बऱ्याच महिन्यांनी ती चालू झाली, तेव्हा सायलेन्सरमधून बंदुकीसारखा बार निघाला आणि बिल्डिंगवरचे मजूर खाली बसले. त्या आठवड्यात मी बाबांना म्हटलं, सिल्लोडला जायचंय, चला. त्यांनी टोपी घातली.

जळगाव रोडचा तेव्हा नुसता खडखडाट होता. काचेच्या जागी काही नव्हतं, ट्रकची खडी तोंडावर यायची. काकांच्या दारात उतरलो तेव्हा दोघंही धुळीनं पांढरे झालो होतो. काकूनं मला पोटाशी धरलं. काका मक्याच्या कडब्याचा भारा घेऊन आले, तो खाली ठेवला, गाडीकडं बघितलं. मग माझा डावा हात हातात घेऊन उलटा-सुलटा करून पाहिला. मला विचारलं, "गेअर टाकता येतो?" मी म्हटलं, येतो, गेअर डाव्या हातानंच असतो, तळव्यानं ढकलते. त्यांनी मान हलवली.

बाबांशी ते बोलले नाहीत. पण दोघं एकाच बाजेवर बसले आणि काकूनं आणलेला चहा काकांनी बशीत ओतून बाबांपुढं सरकवला. बाबांनी तो प्यायला. म्हशी हंबरायला लागल्या तसे काका उठून गेले, आणि आम्ही निघालो.

पुढच्या महिन्यात बाबा एकटेच एसटीनं सिल्लोडला गेले. मुक्काम करून आले.